कोनता ना?

साक्रीच्या पुढे, वाघदऱ्याच्या पठारावर
एकशे चौदा पंखे.
त्यातला एकोणसत्तरावा मार्चपासून बंद,
आणि मी तिथली दुभाषी, रोजाने.

हाइको उत्तर जर्मनीतला, समुद्रकाठचा.
त्याच्या गावात वाक्य संपलं की
शेपटाला एक ‘ने?’ लावतात.
ऊन आहे, ने? बोल्ट गंजलाय, ने?
‘नाही’चाच मोडका तुकडा तो,
पण मागतो मात्र होकार.

मी हसले. आमच्यात तरी वेगळं काय?
जेवलास ना? येशील ना?
नकाराला पुढे घालायचं
आणि समोरच्याकडून हो काढून घ्यायचं.

पुण्यात बाई शिकवायच्या:
नाइन म्हणजे ने अधिक आइन, एकसुद्धा नाही.
तो ने आणि संस्कृतातला न
एकाच पोटचे.
मी वहीत दोन्हीकडून बाण काढले होते.
ती वही नंतर आईने बिबड्यांखाली अंथरली,
बाणांवर मिठाचे डाग पडले.

अहिराणीतला ना त्या वहीत नव्हताच.
हा नाकारत नाही.
बापना हात, उखाआबाना पंखा:
दोघांच्या मधे बसून कोण कुणाचं ते सांगतो.
वारा ऊना, पाव्हना ऊना:
मागे उभा राहून म्हणतो, आला तो आला.
ह्याचं घराणं कोणतं, मला सांगता येईना.
हाइकोने प्रश्नचिन्ह काढलं डायरीत,
नटाला पाना लावावा तसं, सावकाश, घट्ट.

उखाआबा पहाऱ्यावर. सत्तरी पार.
एकदा मी झेरॉक्ससाठी पिंपळनेरला गेले,
परत येते तर दोघं बादल्या पालथ्या घालून
खांबाच्या सावलीत बसलेले.
सावली सरकली की बादल्या सरकायच्या.
ना? हाइको म्हणाला.
त्यांच्याकडे एवढ्यात सगळं येतं:
कसं काय, कुठे होतास, बरं आहेस ना.
ना, आबा म्हणाले.
मग बराच वेळ काहीच नाही.
मग आबांनी ठेच्याचं बोट त्याच्या ब्रेडला पुसलं,
आणि तो, डोळ्यांत पाणी: ना, ना, ना.
ते दटावणं होतं. आबांना वाटलं, आणखी नको.
दोन्ही बरोबरच की.
त्या दिवसाचा रोज मी घेतला,
एक शब्द न बोलता.

हाइको जायच्या दिवशी
आबांनी बंडीच्या खिशातून कागद काढला.
घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला,
मी बॉनेटवर जुळवला, वर दगड ठेवले.
बाई, हाऊ ना कोनता शे?

ठळक अक्षरात: ना हरकत दाखला.
खाली अंगठा, जांभळा, जरा फिस्कटलेला.

साहेबाने विचारलं होतं म्हणे,
डोंगर द्यायचा ना?
आबा म्हणाले, ना.
साहेबाने ना लिहिला
आणि पुढचा शब्द आपल्या पदरचा घातला.

सतरा वर्षं त्यांना वाटत होतं
आपण नाही म्हणालोय,
फक्त कुणी ऐकलं नाही.

काय म्हणतायत? हाइकोने विचारलं.
मी जर्मनमध्ये सुरुवात केली, थांबले,
पुन्हा केली.
तिथेही नकार हरकतीलाच चिकटलेला,
आबांना तो डोंगराला चिकटवायचा होता.
मी तो सुटा करून समोर ठेवला,
जमेल तसा.
शेजारच्या पंख्यांना वारा लागला होता,
आवाज येत होता एकशे तेरांचा.

हाइको कागदाकडे पाहत राहिला.
दगड नीट केले. मग म्हणाला, ना या.
ह्याला मराठी नाही.
असू दे, चालायचंच, काय बोलणार,
ह्यातलं एक, किंवा तिन्ही.

काय म्हने तो?

ना म्हने, आबा.

कोनता?